राणीच्या बागेत झाडांना वेळ द्या

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच जागेची आहेत: भायखळ्याची राणीची बाग. हिवाळा सरत आला, परीक्षांना थोडा अवकाश आहे, त्यामुळे घरोघरी बेत चालले असणार. परळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत असताना मी दरवर्षी मुलींना या बागेत न्यायची. त्यामुळे उत्तरं लिहिताना हात आखडता घेतलेला नाही.

बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. घरचे सहाजण राणीच्या बागेत जायचं ठरतंय. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. दोघांच्या तोंडी पेंग्विन आणि वाघाशिवाय शब्द नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सासरे संगमेश्वरकडचे, सगळं आयुष्य बागायतीत गेलं. ते म्हणतात, “झाडं बघायला तिकीट काढून कशाला जायचं? गावाला काय कमी आहेत?” मला मात्र मनापासून वाटतं की मुलांनी तिथली जुनी झाडं बघावीत. अडचण अशी की मला आंबा, वड, पिंपळ यांच्यापुढे ओळखता येत नाही. दिवस कसा आखू?
– एक आई, डोंबिवली

ताई, सासऱ्यांपासून सुरुवात करते, कारण तुमचा दिवस तेच तारून नेणार आहेत. संगमेश्वरचा बागायतदार माणूस बरोबर असताना झाडं ओळखता येत नाहीत याची काळजी कशाला? आत शिरताना त्यांना एवढंच म्हणा, “बाबा, आपल्याकडचं एखादं झाड दिसलं तर मुलांना दाखवाल ना?” बकुळ दिसली की ते थांबतील. उंडी दिसली तर तिच्या बियांच्या कडू तेलावर पूर्वी कोकणात दिवे जळायचे, हे ते तुमच्या मुलांना सांगतील, आणि ते ऐकणं कुठल्याही पाटीवरच्या मजकुरापेक्षा मोलाचं आहे. आजोबांना पाहुणा म्हणून नेऊ नका, वाटाड्या म्हणून न्या.

आता त्यांचा प्रश्न. गावाला झाडं आहेतच, पण आफ्रिकेचं झाड, ब्रह्मदेशचं झाड, दक्षिण अमेरिकेचं झाड आणि सह्याद्रीतलं झाड एका हाकेच्या अंतरावर उभी आहेत असं गावाला कुठे मिळेल? ही बाग त्यासाठीच उभी राहिली. ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याची नवी बाग १८६२ साली गव्हर्नर फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते लोकांसाठी खुली झाली. दूरदूरच्या मुलखातून बी-रोपं मागवायची, मुंबईच्या दमट हवेत आणि धो धो पावसात काय तगतं ते लावून पाहायचं, असं तेव्हाच्या बागांमधलं काम असे. पिंजरे १८९० च्या सुमाराला आले. म्हणजे झाडं या जागेची जुनी रहिवासी आहेत आणि वाघ-अस्वलं नंतर राहायला आलेली. बाबांना हे सांगा, त्यांना पटेल.

मुलांचा पेंग्विनचा हट्ट आधी पुरवा. दुपारकडे तिथली रांग वाढत जाते, आणि मनात पेंग्विन घोळत असताना पोराला झाडाखाली उभं करून काही उपयोग नाही. पेंग्विन बघून बाहेर पडताना मुलाला एक गोष्ट जरूर सांगा. हे हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना मुंबईत जगवायला थंड हवेची खोली, थंड पाणी, चोवीस तास चालणारी यंत्रं लागतात. आणि बाहेर जे गोरखचिंचेचं झाड आहे तेही परक्या मुलखातलंच, आफ्रिकेतलं. ते मात्र मे महिन्याचं ऊन आणि जुलैचा पाऊस अंगावर घेत उघड्यावर वाढलं. कसं जमलं असेल त्याला? हा प्रश्न घेऊन मुलाला गोरखचिंचेपाशी न्या.

सगळी बाग एका दिवसात बघायचा नाद सोडा, हे माझं सगळ्या पालकांना आग्रहाचं सांगणं आहे. चार झाडं पुरेत. मी मुलींना घेऊन जायची तेव्हा वर्गातल्या हुशार मुली वही काढून पाट्यांवरची नावं भराभर उतरवून घ्यायच्या आणि झाडाकडे मान वर करून बघायच्या नाहीत. मग मी नियम केला: पहिली दहा मिनिटं वही दप्तरात. साल हाताने चाचपायची, खाली पडलेलं पान उचलून चुरगळायचं, वास घ्यायचा, वर बघायचं. पाटी सगळ्यात शेवटी. हा नियम तुम्हीही करा.

माझी चार झाडं गोरखचिंच, उर्वशी, सीतेचा अशोक आणि कैलासपती. शेवटच्या दोघांबद्दल पुढच्या पत्रांत विचारलंच आहे, म्हणून इथे पहिली दोन.

गोरखचिंच या दिवसांत बहुधा निष्पर्ण असते आणि मुलं हमखास विचारतात, “मेलंय का हे?” ते जिवंत आहे. कोरड्या महिन्यांत पानं टाकून देऊन पाणी वाचवायचं, ही त्याची रीत. त्या अवाढव्य खोडाचं लाकूड मऊ आणि पाणी धरून ठेवणारं असतं. दुष्काळी प्रदेशात ते झाड या साठ्यावर तग धरतं. साल सोलली तर बहुतेक झाडं मरतात. याची साल पुन्हा भरून येते, म्हणून आफ्रिकेतले लोक पिढ्यान्‌पिढ्या तिचे दोर वळत आले आहेत. आपल्याकडे हे झाड समुद्रमार्गे व्यापाऱ्यांबरोबर आलं आणि गोरखनाथांच्या नावाने रुजलं. फळातला गर आंबट, म्हणून चिंच. एरवी आपल्या चिंचेशी त्याचं नातं नाही, ते सावरीच्या गोतातलं.

तिथे मुलांना हात पसरून खोडाला कवेत घ्यायला लावा. दोघं पुरणार नाहीत, मग आई-बाबांनी यावं, मग आजोबांनी. बरोबर सुतळीचं बंडल न्या, खोडाभोवती फिरवून गाठ मारा आणि घरी गेल्यावर ती सुतळी दिवाणखान्यात पसरून दाखवा. आकडा सांगून जे कळत नाही ते मुलांना या सुतळीने कळतं. आणि खरी भेट पावसाळ्यात ठरवा. पहिल्या सरींनंतर हाताच्या बोटांसारखी पाच-पाच पर्णिकांची पानं फुटतात आणि लांब देठावर उलटी लोंबणारी पांढरी मोठी फुलं येतात. ती संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळं त्यांच्यावर येतात, आणि सकाळी बाग उघडते तेव्हा झाडाखाली गळून पडलेली सापडतात. मुंबईत रस्त्यांच्या आणि बांधकामांच्या आड आलेली अशी म्हातारी झाडं मी जाताना पाहिली आहेत. ज्या मुलाने गोरखचिंच कवेत घेतली आहे त्याला पुढे कधी अशी बातमी वाचून झोप लागणार नाही, आणि तसंच व्हायला हवं.

उर्वशीपाशी सासूबाईंना न्या. जवळपास बाक मिळाला तर त्यांना निवांत बसवा आणि वर बघू द्या. हा फुलायचा काळ आहे. लालभडक फुलांचे लांब घोस खाली लोंबतात, प्रत्येक फुलाच्या मोठ्या पाकळीवर पिवळा ठिपका. कोवळी पानंसुद्धा तांबूस आणि लोंबती. हे झाड ब्रह्मदेशचं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांनी १८२० च्या दशकात मार्ताबान भागातल्या एका मठाच्या बागेत ते पाहिलं. जवळच्या गुहेत बुद्धाच्या मूर्तींपुढे त्याच फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. वॉलिच यांनी तेव्हाच्या गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अ‍ॅम्हर्स्ट यांच्या नावावरून त्याला ‘अ‍ॅम्हर्स्टिया नोबिलिस’ असं नाव दिलं. जंगलात ते फार क्वचित सापडतं आणि बीही नावालाच धरतं, त्यामुळे माळी गुटी कलम बांधून त्याची रोपं करतात. गुटी बांधणं म्हणजे काय, ते बाबांना विचारा. फांदीची साल गोल काढून ओलं शेवाळ कसं बांधायचं हे ते दोन मिनिटांत मुलांना हाताने करून दाखवतील.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. बाग बुधवारी बंद असते. जमलं तर रविवार टाळून शनिवारी या, रविवारी गर्दीत आजी-आजोबांचे हाल होतात. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरलात की अंतर थोडंच आहे, पण सासूबाईंसाठी टॅक्सी करा, त्यांची पावलं बागेत खर्ची पडू द्या. तिकिटाचे दर आणि वेळा महापालिकेच्या संकेतस्थळावर बघून घ्या, त्या बदलतात. ऊन चढलं की शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरा. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं ते मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. आवारात दगडी हत्ती आहे, तो मुलांना दाखवा. घारापुरीला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ हे नाव पडलं तोच हा हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला निघाले असताना यारीची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि पुढे १९१४ मध्ये जोडले गेले.

नमस्कार. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत कुंपणालगत अशोकाची उंच, सरळसोट झाडं आहेत. राणीच्या बागेत ‘अशोक’ म्हणून पाटी होती ते झाड बुटकं, पसरट आणि केशरी फुलांचं. मुलीने विचारलं, “बाबा, सीता नक्की कुठल्या झाडाखाली बसली होती?” मला उत्तर देता आलं नाही.
– एक वडील, ऐरोली

केशरी फुलांच्या झाडाखाली. तोच खरा अशोक, ‘सराका असोका’, शेंगांच्या कुळातला. सोसायटीच्या कुंपणावरचा तो हिरवा अशोक किंवा आसुपालव. तो सीताफळाच्या कुळातला, आणि त्याची ती खांबासारखी उभी जात लोकांनी शोभेसाठी निवडून वाढवलेली. दोघांच्या पानांच्या कडा लांबून थोड्या सारख्या वाटतात म्हणून नाव चिकटलं असावं. पण तुमच्या मुलीला विचारा, त्या उभ्या झाडाखाली बसायला सावली तरी आहे का? ती लगेच निवाडा करेल.

खऱ्या अशोकाची ओळख पटवायला तीन गोष्टी सांगते. एक, कोवळी पानं तांबूस असतात आणि फांद्यांच्या टोकांना झुबक्यांनी अगदी मलूल लोंबतात. झाडाला पाणी कमी पडलंय की काय असं वाटतं, पण तसं नसतं. काही दिवसांत ती हिरवी होऊन ताठ होतात. दोन, फुलांचे गेंद जुन्या, जाड फांद्यांवर आणि कधी थेट खोडावर येतात. तीन, फुलाला पाकळ्याच नसतात. ज्याला आपण पाकळ्या समजतो ते रंगीत निदल आहे. उमलताना पिवळसर-केशरी, मग दिवसागणिक लाल, त्यामुळे एका गेंदात तीन-चार छटा दिसतात. संध्याकाळनंतर वास वाढतो.

तुम्हाला एक काम सांगू? हा अशोक आपल्या सह्याद्रीतला, कोकण-गोव्याच्या ओढ्याकाठच्या जंगलातला. औषधासाठी साल काढून काढून रानातली झाडं इतकी कमी झाली आहेत की तो धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत आहे. सोसायटीच्या पुढच्या सभेत एक तरी खरा अशोक लावायचा ठराव मांडा. त्याला थोडी सावली आणि भरपूर पाणी लागतं. टॉवरच्या आडोशाला, जिथे दुपारचं ऊन थेट येत नाही, तिथे तो चांगला वाढेल. रोप सरकारी किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्या, आणि विकत घेताना ‘सीतेचा अशोक’ असं म्हणा, नाहीतर पुन्हा आसुपालवच हातात येईल.

बाई, मी सहावीत आहे. राणीच्या बागेत एका झाडाच्या खोडावरच फुलं आली होती, वर पानांत एकही नव्हतं. आजी म्हणाली की फुलात शंकराची पिंड आणि नाग आहे, आणि ती पाया पडली. खाली एक गोल फळ फुटलेलं होतं, त्याला घाण वास येत होता. फुलं खोडावर का येतात?
– एक विद्यार्थी, लालबाग

बाळा, फार छान बघितलंस. फूल, फळ आणि वास, तिन्ही टिपलेस.

ते कैलासपती. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पण त्या फुलातली पिंडी आणि तिच्यावरचा फणा बघून आपल्याकडे ते शंकराच्या देवळांपाशी लावू लागले. आजीने नमस्कार केला ते बरोबरच आहे. आता तो फणा जवळून बघ. मधल्या चकतीवर आखूड पुंकेसरांचं वर्तुळ असतं आणि त्यावर वाकलेल्या फण्यातही पुंकेसरांची दाटी असते. गंमत अशी की परागीभवनाच्या कामाचे पराग वर्तुळातले. फण्यातले पराग आहेत ते येणाऱ्या भुंग्यांना खाऊ म्हणून. या फुलात मध नसतो. भुंगा खाऊसाठी फण्याखाली घुसतो, तेव्हा त्याच्या पाठीला वर्तुळातले पराग लागतात आणि तो ते पुढच्या फुलाला नेऊन पोचवतो.

खोडावर फुलं येण्याची गोष्ट तुला घरचीच आहे. फणस कुठे लागतो? उंबर कुठे लागतात? ही झाडं उष्ण, दाट जंगलातली. एवढं जड फळ शेंड्याच्या बारीक डहाळीला पेलणार नाही, जाड खोडाला पेलतं. शिवाय पानांच्या छताखाली, मोकळ्या जागेत फुलं असली की मोठ्या किड्यांना आणि वटवाघळांना तिथवर पोचणं सोपं जातं. शास्त्रज्ञांनी याची आणखीही कारणं सुचवली आहेत, पण या दोन गोष्टी तू स्वतः झाडाकडे बघून पडताळू शकतोस. फळाच्या वासाचंही असंच. त्याच्या मूळ जंगलात रानडुकरासारखे प्राणी खाली पडून फुटलेली फळं त्या वासाने शोधून खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात.

पुढच्या वेळी दोन गोष्टी कर. मेणखडू आणि पातळ कागद ने, सालीवर कागद धरून वरून मेणखडू घास. प्रत्येक झाडाच्या सालीची वेगळी नक्षी उमटेल. आणि कैलासपतीच्या अगदी खाली उभा राहू नकोस. ती फळं जड असतात आणि सांगून पडत नाहीत.

पुण्याहून दर वेळी भायखळ्याला येणं जमत नाही. नातवंडांना जवळपास असं काही दाखवता येईल का?
– एक आजोबा, हडपसर

आजोबा, तुमच्या अगदी हाताशी एम्प्रेस गार्डन आहे. मघाशी जिचं नाव आलं ती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच ती बाग चालवते. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं आणि पुणेकर लोटतात, पण माझं ऐकाल तर प्रदर्शन उरकल्यावर साध्या दिवशी सकाळी जा. तिथल्या मांडीएवढ्या जाडीच्या जुन्या वेली मोठाल्या झाडांवर चढलेल्या आहेत. नातवंडांना एक वेल बोटाने धरून मुळापासून शेंड्यापर्यंत नजरेने माग काढायला सांगा. तिने किती झाडं गाठली हे शोधण्यात त्यांचा अर्धा तास सहज जाईल.

बागेत गळून पडलेली फुलं-पानं घरी आणली तर चालतात का? मुलीला वहीत चिकटवायची आहेत, पण दर वेळी ती काळी पडतात.
– एक वाचक, वसई

झाडावरचं काही तोडू नका, मुलांना तोडू देऊ नका, आणि दुसरं कोणी तोडताना दिसलं तर नम्रपणे थांबवा. एका रविवारी किती हजार हात त्या बागेतून फिरतात याचा विचार करा. गळलेलं पान उचलण्याआधी तिथल्या माळीदादांना विचारा. ते हो म्हणाले तर एखाद-दुसरं घ्या. फळं आणि बिया तिथेच राहू द्या.

काळं पडण्याचं कारण ओल. पान उचलल्यावर पिशवीत कोंबून ठेवू नका, बरोबर जुनं वर्तमानपत्र न्या आणि तिथल्या तिथे घडीत सपाट ठेवा. घरी आल्यावर कोरडे कागद घालून वर जड पुस्तकं किंवा पाटा ठेवा. उर्वशी-अशोकासारखी रसाळ फुलं लवकर रंग सोडतात, त्यांच्याऐवजी पानं निवडा. बकुळीची फुलं मात्र दाबू नका, नुसती सावलीत वाळवा, वास कितीतरी दिवस टिकतो. कागद पहिला आठवडाभर रोज बदला, आणि वसईच्या हवेत पावसाळ्यात हा उद्योग करूच नका, बुरशी धरते. वाळलेल्या पानाखाली झाडाचं नाव, जागा आणि तारीख मुलीच्याच अक्षरात लिहू द्या.